एकशे चार टक्के मुलांना लस

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची आहे, पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स केलंय आणि दोन वर्षांपासून एका आंतरराष्ट्रीय संस्थेत लसीकरणाच्या डेटावर काम करते. दिवसभर एक्सेल, डॅशबोर्ड, डोनरचे रिपोर्ट आणि रात्री-अपरात्री वेगवेगळ्या टाइमझोनमधले कॉल. ज्या देशांचे आकडे बघते त्यातल्या एकाही देशात मी पाऊल ठेवलेलं नाहीये. घरचे कौतुकाने सगळ्यांना सांगतात की आमची मुलगी मुलांचे जीव वाचवते, तेव्हा मला कुठेतरी लपावंसं वाटतं. मी नुसते सेल रंगवते. हे सोडून फील्डवर जाऊ का?

उत्तर : अगं, सेल मीही रंगवलेत आणि चुकीचे रंगवलेत, तेच आधी सांगते.

नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, एका जिल्ह्याचं गोवराच्या लसीचं कव्हरेज १०४ टक्के आलं. आता शंभरातल्या एकशे चार मुलांना लस कशी देणार? मी 'डेटा क्वालिटी प्रॉब्लेम' असा शेरा मारला, सेल लाल केला, मेल टाकला आणि मोकळी झाले. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात जाणं झालं, तिथल्या नर्सबाईंनी रजिस्टर काढून समोर ठेवलं. लांबट वही, कव्हर सुटलेलं, कडा दमट हवेने फुगलेल्या. सोबत टॅली शीट, एका मुलामागे एक रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. बाईंनी पत्त्याच्या कॉलमवरून बोट खाली नेलं आणि मला म्हणाल्या, वाचा. दर चार-पाच नावांमागे एक मूल शेजारच्या जिल्ह्यातलं, कारण त्यांचं स्वतःचं केंद्र नदीपलीकडे आणि पाणी वाढलं की तिकडे जाताच येत नाही, मग आया इकडे येतात. म्हणजे रेघा खऱ्या होत्या. खोटा होता तो छेद, म्हणजे जिल्ह्यात मुलं किती असायला हवीत हा अंदाज, तो कित्येक वर्षांपूर्वीच्या जनगणनेवरून काढलेला, त्यात ही शेजारच्या जिल्ह्यातली मुलं कुठून असणार! आणि शेजारचा जिल्हा आमच्या नकाशावर 'मागे पडलेला' दिसत होता तोही याचमुळे.

माझ्या शेऱ्यामुळे बाईंकडे वरून खुलासा मागितला गेला होता. दोन संध्याकाळी बसून त्यांनी वर्षभराच्या रेघा परत मोजल्या होत्या. चिडल्या वगैरे नाहीत, एवढंच म्हणाल्या, "एक फोन केला असतात तर सांगितलं असतं." अजून आठवतं ते.

तर फील्डवर जायचं की नाही हे तू नंतर ठरव. आधी तुझ्या एका सेलमागे कोण बसलंय ते माहीत करून घे. 'वेस्टेज' चा कॉलम घे ना, तो लाल दिसला की आपल्याला वाटतं निष्काळजीपणा आहे. पण गोवराची दहा डोसची बाटली एकदा पाणी घालून तयार केली की सहा तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. सकाळी दोनच मुलं आली तर बाटली फोडायची का? फोडली तर आठ डोस वाया आणि तू सेल लाल करणार. नाही फोडली तर आई चार तास चालत आलेली असते, ती परत येईलच याची खात्री कोण देणार? शहाणी नर्स फोडते, आणि नियमही मूल परत पाठवू नका असंच सांगतो. ही गोष्ट तुझ्या रिपोर्टमध्ये एका ओळीत आली तरी डोनर पुढच्या वेळी पाच डोसच्या बाटल्यांचा विचार करेल, आणि ती ओळ तुझ्याशिवाय कोण लिहिणार सांग.

देवीचा रोग १९८० मध्ये संपल्याचं जाहीर झालं, पण त्याआधी कितीतरी वर्षं माणसं हातात पुरळ आलेल्या मुलाच्या फोटोचं कार्ड घेऊन दारोदार विचारत फिरली, असं कुणी पाहिलंय का म्हणून. आणि ते सापडलेले पेशंट कुणीतरी ऑफिसात बसून नकाशावर मांडतच होतं ना. त्या माणसालाही घरी विचारलं असेल, तू नक्की करतोस काय!

जायचंच असेल तर दोन आठवडे जा आणि रजिस्टरच्या खोलीत बस. मुलांना कडेवर घेऊन फोटो काढायला जाणाऱ्यांची टंचाई नाहीये.

प्रश्न : टीबीच्या प्रोजेक्टवर कोऑर्डिनेटर होतो. फंड मध्येच थांबला, आठवड्याभरात आम्हा सगळ्यांना घरी बसवलं. माझ्या यादीत उपचाराच्या चौथ्या महिन्यात असलेले पेशंट होते. झोप लागत नाही, आणि या क्षेत्राचाच राग आलाय.

उत्तर : ही एक संधी समज वगैरे मी म्हणणार नाही, तसलं सांगणारे तुला पुष्कळ भेटले असतील. राग बरोबर आहे तुझा. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएडचं, म्हणजे परदेशी मदत देणाऱ्या त्यांच्या सरकारी संस्थेचं, काम अधिकृतपणे बंद झालं, तेव्हा जगभर कितीतरी जण तुझ्यासारखेच रातोरात बाहेर पडले. मदतीवर उभं केलेलं काम किती पोकळ असू शकतं हे तेव्हा उघडं पडलं, आणि आम्ही जुन्या लोकांनी ते वेळेत बोलून दाखवलं नाही, ही आमची चूक.

पण आधी ती यादी. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, तुझं कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून तो संपत नाही. कागदपत्रं परत दिली असशील तरी सरकारी केंद्रातल्या माणसाला गाठ, कोण कितव्या महिन्यात आहे, कुणाला औषधाने मळमळतं, कोण फोन उचलत नाही पण बहिणीचा उचलतो, हे सगळं तोंडी सांग. हे कुठल्याच फॉर्ममध्ये नसतं आणि ते तुझ्याकडेच आहे. नोकरीचं त्यानंतर बोलू, मला परत लिही.

प्रश्न : परदेशात सहा महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप मिळतेय, संस्था मोठी आहे. घेऊ का?

उत्तर : घरून पैसे येणार असतील तर घे, कर्ज काढून अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटनेसारखी संस्थासुद्धा २०२० पर्यंत इंटर्नला भत्ता देत नव्हती, म्हणजे सगळ्यांच्या आरोग्याच्या गप्पा आणि खोलीत बसलेली पोरं बहुतेक खात्यापित्या घरची. आता ते देतात, तेव्हा इतरांनाही विचारायला हरकत नाही. हो म्हणायच्या आधी मेलमध्ये सरळ लिही, राहण्या-खाण्याचा खर्च कोण करणार? काय उत्तर येतं ते मलाही कळव.