कुंड्या, खिडक्या आणि व्हिनेगर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : घरातील हवा शुद्ध राहावी म्हणून मी खोल्याखोल्यांतून बऱ्याच कुंड्या ठेवल्या आहेत. तरीही नवीन कपाट आणल्यापासून एक उग्र वास काही केल्या जात नाही. सध्या सुगंधी फवारा मारून वेळ भागवतो. आणखी झाडे आणावीत की हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे?

उत्तर : झाडे हवीशी वाटतात म्हणून अवश्य ठेवावीत, पण हवा शुद्ध करण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नये. हा समज पसरला तो प्रामुख्याने १९८९ साली ‘नासा’ने प्रसिद्ध केलेल्या एका अहवालामुळे. त्यातील प्रयोग खरे होते, मात्र ते लहान, हवाबंद पेट्यांमध्ये केलेले होते. राहत्या घरात दारे-खिडक्यांतून आणि फटींतून हवा सतत ये-जा करत असते आणि प्रदूषके बाहेर नेण्याचे काम ती झाडांपेक्षा कितीतरी वेगाने करते. अशा अनेक प्रयोगांचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा या नैसर्गिक हवापालटाशी बरोबरी साधायची तर दर चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १००० पर्यंत झाडे लागतील असे दिसून आले. म्हणजे १० चौरस मीटरच्या लहानशा खोलीतसुद्धा निदान १०० कुंड्या हव्यात, आणि मग आपण बसायचे कुठे हा प्रश्न उरतोच.

आता कपाटाविषयी. भुसा किंवा लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्या आणि प्लायवूड यांत जी राळ वापरतात, तिच्यातून बहुधा फॉर्माल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे हे त्याचे लगेच जाणवणारे परिणाम आहेत. त्याखेरीज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केलेली आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण काही महिन्यांत हे उत्सर्जन बरेच ओसरते. पण उष्णता आणि दमटपणा वाढला की ते वाढते, हे लक्षात ठेवून पहिले काही महिने कपाटाची दारे व खण उघडे ठेवावेत, खोलीत समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळता ठेवावा आणि शक्यतो त्या खोलीत झोपणे टाळावे. फळीच्या उघड्या राहिलेल्या कडा आणि मागची कच्ची बाजू पट्टी लावून किंवा लेप देऊन बंद केल्यासही फरक पडतो, कारण वायू मुख्यतः तेथूनच निसटतो.

सुगंधी फवारा मात्र आजच बंद करावा. त्याने वास जात नाही, फक्त झाकला जातो. शिवाय लिंबू किंवा पाइनसारखा वास देणाऱ्या अशा अनेक द्रव्यांची हवेतील ओझोनशी रासायनिक क्रिया होऊन जे पदार्थ तयार होतात, त्यांत फॉर्माल्डिहाइडही असते. यंत्राबाबत सांगायचे तर हेपा गाळणी धूळ, परागकण आणि धुराचे सूक्ष्म कण उत्तम प्रकारे अडवते, परंतु वायू तिच्यातून आरपार जातो. वायूसाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो, तोही भरपूर आणि वेळोवेळी बदललेला. ओझोन सोडून हवा ‘ताजी’ करणारी यंत्रे तर घरात आणूच नयेत, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसांना अपायकारक आहे.

या निमित्ताने, आपण न विचारलेली एक गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. बहुतेक घरांत हवा सर्वांत जास्त बिघडते ती स्वयंपाकाच्या वेळी. तळताना आणि परतताना सूक्ष्म कण उडतात आणि गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, जो दमा असलेल्यांना विशेष त्रासदायक ठरतो. म्हणून शेगडी पेटवण्याआधीच एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी सुरू करावी आणि स्वयंपाक आटोपल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावी. चिमणीची नळी घराबाहेर निघते की गाळलेली हवा पुन्हा स्वयंपाकघरातच सोडली जाते, हेही एकदा पाहून घ्यावे. दुसऱ्या प्रकारात तेलकटपणा अडतो, वायू फारसा अडत नाही. खिडकी रहदारीच्या रस्त्यावर उघडत असेल तर गर्दीच्या वेळा सोडून हवा खेळवावी.

प्रश्न : रसायने टाळायची म्हणून व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून सगळे घर पुसते. न्हाणीघरात जंतू मरावेत यासाठी त्यातच थोडे ब्लीच घालते. हे योग्य आहे का?

उत्तर : ब्लीच घालणे ताबडतोब थांबवावे. ब्लीचमध्ये आम्ल मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, मग ते आम्ल व्हिनेगरमधले असो वा शौचालय साफ करण्याच्या द्रवातले. अमोनिया असलेल्या क्लीनरशी ब्लीचचा संबंध आला तर क्लोरामाइन तयार होते, तेही तितकेच घातक. चुकून असे मिश्रण झालेच तर ते आवरत न बसता आधी मोकळ्या हवेत जावे, आणि खोकला किंवा धाप लागली तर डॉक्टरांना गाठावे.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र केल्यावर येणारा फेस पाहायला छान वाटतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात. मागे उरते ते सोडियम ॲसिटेट मिसळलेले पाणी, आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. दोन्ही वेगवेगळे वापरले तर उपयोगी आहेत : नळावर, काचेवर साचलेला पांढरा क्षाराचा थर व्हिनेगरने विरघळतो (संगमरवरावर मात्र ते लावू नये, तो दगडही त्याच क्षाराचा बनलेला असतो), तर सोडा घासण्यासाठी आणि वास शोषण्यासाठी चांगला. जंतुनाशक म्हणून व्हिनेगरवर विसंबता येत नाही, पण रोजच्या साफसफाईत जंतुनाशकाची गरजच सहसा नसते. साबण, पाणी आणि घासणे एवढ्याने जंतू निघून जातात. घरात कुणी आजारी असेल तेव्हा ब्लीच एकटेच, लेबलवरील प्रमाणात, थंड पाण्यात, खिडकी उघडी ठेवून वापरावे.

प्रश्न : प्लास्टिकचे सगळे डबे टाकून काचेचे घ्यावेत आणि पिशव्याही कापडी घ्याव्यात, असे ठरवले आहे. आपले मत काय?

उत्तर : टाकण्याची घाई करू नये. प्लास्टिकच्या डब्यात गरम अन्न भरणे आणि तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवणे बंद करावे, कारण उष्णतेने त्यातील द्रव्ये अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते. ‘मायक्रोवेव्हमध्ये चालणारा’ या शिक्क्यावरून डबा वितळणार नाही इतपतच खात्री धरावी. ओरखडे पडलेले डबे कोरड्या वस्तूंसाठी किंवा खिळे-स्क्रूंसाठी ठेवावेत आणि ते निकामी होतील तसतसे काचेचे घ्यावेत. कापडी पिशव्यांचेही तसेच आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली काढलेल्या हिशेबानुसार सुती पिशवीने हवामानाच्या दृष्टीने प्लास्टिक पिशवीशी बरोबरी साधण्यासाठी ती किमान ५२ वेळा, तर पर्यावरणाचे सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा वापरावी लागते. उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा विचार त्या हिशेबात नव्हता, हे मान्य; तरीही घरात आहे तीच पिशवी फाटेपर्यंत वापरणे नव्या पाच पिशव्यांपेक्षा बरे.

डब्यांपेक्षा त्यांतील अन्नाकडे लक्ष दिले तर अधिक साधेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. उरलेले अन्न फ्रिजमध्ये पुढच्या बाजूस, नजरेसमोर ठेवावे. आतले तापमान ५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त नसावे. बटणावरील आकड्यावर भिस्त न ठेवता पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर बुडवून तो मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी, दार वारंवार उघडण्यापूर्वी, वाचावा.