अपडेटनंतर सगळे लॉगआउट? आधी सेशन टेबलचं नाव तपासा

सेशन स्टोअरची (कोण लॉगिन आहे याच्या नोंदी, म्हणजे सेशन्स, डेटाबेसात ठेवणारी) लायब्ररी अपडेट केली, एरर एकही नाही, तरी सगळे युजर लॉगआउट आणि जुनं टेबल मात्र भरलेलंच, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं.

टेबलांची यादी काढा. 'सेशन' आणि 'सेशन्स' अशी दोन टेबलं दिसतील, असा माझा अंदाज. माझ्याकडे एकात हजारो ओळी होत्या, दुसऱ्यात जेमतेम चाळीस, त्याही गेल्या दहा मिनिटांतल्या. नव्या आवृत्तीने डीफॉल्ट नाव बदललं होतं. चेंजलॉगमध्ये (आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत) 'नावांत सुसंगती आणली' एवढीच ओळ. त्यात 'टेबल नसेल तर बनव' हा पर्याय मी चालू ठेवलेला, म्हणून लायब्ररीने गुपचूप रिकामं टेबल बनवलं. तो बंद असता तर पहिल्याच रिक्वेस्टला एरर आली असती. टेस्टिंगचा डेटाबेस दर वेळी कोरा, तिथे काय कळणार!

खरं महागात पडलं ते पुढचं. घाबरून मी जुनी आवृत्ती परत चढवली. तोवर लोकांनी पुन्हा लॉगिन केलं होतं आणि ती सेशन्स नव्या टेबलात होती. तेच लोक दुसऱ्यांदा बाहेर पडले, अर्धवट भरलेले फॉर्म गेले. तेव्हा घाईत रोलबॅक करू नका, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाऊ नका. आधी नव्या टेबलातल्या ओळी जुन्यात घाला, मग कॉन्फिगमध्ये जुनं नाव लिहून रीस्टार्ट करा. अर्थात कॉलम आणि डेटाचा फॉरमॅट तोच असेल तरच. आधी कॉपीवर करून बघा. मी पोस्टग्रेस डेटाबेसवाला, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसबद्दल छातीठोक सांगणार नाही.

माझं ठाम मत: डीफॉल्ट टेबलनाव बदलणं हा ब्रेकिंग चेंजच, म्हणजे चालू ॲप मोडणारा बदल; तो मेजर (मोठ्या) आवृत्तीतच यायला हवा. डीफॉल्ट नावं लायब्ररीगणिक वेगळी: कनेक्ट-पीजी-सिंपलमध्ये 'सेशन', एक्सप्रेस-मायएसक्यूएल-सेशनमध्ये 'सेशन्स', जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये 'जँगो_सेशन'. यातलं कुठलंही चालेल, पण एकदा ठरलं की लोकांचा डेटा त्यावर उभा असतो. आपणही नाव डीफॉल्टच असलं तरी कॉन्फिगमध्ये लिहून ठेवावं.

प्रॉडक्शनमध्ये ॲपच्या डेटाबेस युजरला टेबल बनवायचा हक्कच देऊ नका. पोस्टग्रेस १५ पासून नव्या डेटाबेसात पब्लिक स्कीमावर (टेबलं ठेवायच्या डीफॉल्ट जागेवर) तो सरसकट मिळत नाही, पण जुना डेटाबेस अपग्रेड केला असेल तर हक्क जुनेच राहतात.

आणि मुदत संपलेली सेशन्स पुसणारा क्रॉन जॉब (ठरावीक वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) असेल तर तोही आत्ताच उघडा. माझ्या स्क्रिप्टमध्ये टेबलचं नाव कॉन्फिगमधून न घेता स्वतंत्रपणे लिहिलेलं होतं.