दाब दुप्पट केला, मग टॉर्क दुप्पट का झाला नाही?

प्रश्न : पदविकेच्या प्रकल्पासाठी आम्ही हवेवर चालणारे छोटे टर्बाइन तयार केले असून वागळे इस्टेटमधील एका वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरवर त्याची चाचणी घेत आहोत. नॉझलचे (हवेचा झोत सोडणाऱ्या तोटीचे) छिद्र 2 मिमी, पात्यांची त्रिज्या 25 मिमी आणि कॉम्प्रेसरची टाकी 50 लिटरची आहे. शाफ्टला 10 सेंमीचा दांडा लावून त्याचे टोक स्प्रिंगच्या काट्याला अडकवले आणि चक्र फिरू न देता टॉर्क (शाफ्टला मिळणारा पीळ) मोजला, तेव्हा 3 बार दाबाला काटा 20 ग्रॅमवर आला. 6 बारला तो 40 वर जायला हवा होता. पण 30 वरच थांबला. आमचे काय चुकले?
– एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : तुमचे मोजमाप चांगले आहे, अपेक्षा मात्र दोन ठिकाणी चुकली आहे.

टर्बाइनमध्ये दाब पात्याला थेट ढकलतो असे समजू नका. नॉझलमध्ये दाबाचे रूपांतर वेगात होते, आणि तो झोत पात्यावर आपला वेग गमावतो तेव्हा चक्राला पीळ मिळतो. म्हणून टॉर्क काढताना दर सेकंदाला येणाऱ्या हवेचे वस्तुमान, तिच्या वेगात पडलेला फरक आणि त्रिज्या यांचा गुणाकार करावा लागतो. गेजवरचा (दाबमापकावरचा) दाब सुमारे 0.9 बारच्या वर गेला की नॉझलच्या तोंडाशी हवा ध्वनीचा वेग गाठते. 30 अंश तापमानाच्या हवेसाठी तो तेथे सेकंदाला सुमारे 318 मीटर असतो. त्यानंतर दाब वाढवला तरी तेथला वेग वाढत नाही, हवा मात्र अधिक दाट होऊन जास्त जाते, आणि ही वाढ निरपेक्ष दाबाच्या, म्हणजे वातावरणाचा दाब धरून होणाऱ्या एकूण दाबाच्या, प्रमाणात होते. गेज वातावरणाचा 1 बार मोजत नाही. म्हणजे तुम्ही 3 चे 6 नव्हे, तर 4 चे 7 केलेत, आणि तेवढ्याने टॉर्क पावणेदोन पटच होईल : 20 चे 35.

काट्यावर उरलेले 5 ग्रॅम कमी भरले ते टाकीचा दाब उतरल्यामुळे. 7 बार निरपेक्ष दाबाला 2 मिमीच्या छिद्रातून सेकंदाला सुमारे 5 ग्रॅम हवा, म्हणजे मिनिटाला अंदाजे 260 लिटर मोकळी (वातावरणाच्या दाबाची) हवा निघून जाते. लहान कॉम्प्रेसर मिनिटाला 100 लिटरच्या आसपास हवा देत असेल, तर तुमच्या टाकीचा दाब सुमारे 20 सेकंदांत 1 बारने उतरतो. काटा स्थिरावेपर्यंत एवढा वेळ सहज जातो. 3 बारची चाचणी घेताना टाकीत जादा दाब शिल्लक असल्यामुळे रेग्युलेटर (दाब ठरावीक ठेवणारी झडप) तो सांभाळून घेतो. 6 बारला त्याच्या हाती काहीच उरत नाही. निरपेक्ष दाब 6 धरून पाहा : 20 चे नेमके 30 होतात. ही जुळणी पाहून मला मनापासून आनंद झाला.

एक सूचना कळकळीने करतो. अडवून धरलेल्या चक्रावर टॉर्क सर्वाधिक असतो आणि वेग वाढेल तसा तो घटतो. त्यामुळे भार नसलेले चक्र फार वेगाने फिरू लागते. तुमचे चक्र प्लास्टिकचे असेल, तर ते 6 बारला मोकळे सोडू नका.

पुढच्या वेळी नॉझलच्या अगदी मागे टी-जोड (तीन तोंडांचा जोड) बसवून दुसरा गेज लावा आणि हवा वाहत असतानाच त्यावरचा आकडा काट्याच्या आकड्यासोबत टिपून घ्या. गेजच्या आकड्यात 1 मिळवून आलेख काढलात, तर 1 ते 6 बारपर्यंतचे बिंदू जवळपास एका सरळ रेषेत येतील.