मळ्यावरची कॉफी, घरचा फिल्टर

प्रश्न : जानेवारीत कोडगूला (कूर्गला) कॉफीच्या मळ्यावर राहायला जातोय. तोडणी बघायला मिळेल? आणि तिथल्या शुद्ध पावडरीचं डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरणारा कॉफीचा अर्क) घरी पाणचट का होतं?

उत्तर : नक्की मिळेल. कोडगूत रोबस्टा जातीची कॉफी जास्त, त्याची तोडणी फेब्रुवारीपर्यंत तरी चालते. लालबुंद फळ चोखून बघाच, गर गोड लागतो. पांढरा बहर मात्र मार्च-एप्रिलच्या सरींनंतरच.

डिकॉक्शनचं म्हणाल, तर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) पाणी धरून ठेवते. ती नसली की पाणी भरभर निथळतं आणि अर्क उतरतच नाही. म्हणून पावडर जरा बारीक दळून घ्या. फिल्टरच्या वरच्या, भोकांच्या भांड्यात तीन मोठे चमचे घालून त्यातल्या चकतीने हलकेच दाबा, उकळी थांबलेलं १०० मिली पाणी गोल फिरवत ओता, वीस मिनिटं हात लावू नका. पावडर फार दाबलीत तर थेंबही खाली येणार नाही.