माळा डुगडुगते, यंदा कापूस कुठं ठेवू?

प्रश्न : भाऊ, आमचं घर मातीच्या भिंतीचं हाय, सासऱ्यांच्या वडलानं बांधलेलं, खाली खोल्या अन वर माळा. माळ्याच्या कड्या सागाच्या, १२ फूट लांब, खोली १० बाय १२. दोन वर्षांपासून मधात झोल पडला, पोरं पळाले की खालच्या मांडणीवरचे भांडे वाजतात अन एका कडीतून भिंतीपाशी भुसा पडते. मालक म्हणतात वरून दोन इंच सिमेंटचा कोबा टाकून देऊ, पक्कं होईल. आता दसऱ्यानंतर कापूस घरात येईल, भाव येईपर्यंत आम्ही तो वरच ठेवतो. ठेवू की नको?
(एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, कोब्याचं आधी डोक्यातून काढा. दोन इंच काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला १२० किलो, तुमच्या खोलीवर १३ क्विंटल होते, अन ते काही भाव आल्यावर खाली उतरत नाही, जन्मभर तिथंच. वर कडक होऊन कडीला ताकद येत नसते, कडी खालीच वाकत राहते अन कोबा तडकते. मालकांना हा हिशोब वाचून दाखवा, माझं नाव सांगा पाहिजे तर.

आता कडी पाहू. भुसा पडते म्हणता, पण उधई असली तर मातीच्या नळ्या भिंतीवरून चढलेल्या दिसतात, नुसता पीठासारखा भुसा असला तर तो भुंगा. सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही, सालीकडचं पांढरं लाकूड खाते. म्हणून एक मोठा पेचकस घ्या अन प्रत्येक कडी भिंतीजवळ टोचून पाहा, कारण कडी सडते ती बहुतेक भिंतीतच, पावसाची ओल मातीच्या भिंतीत मुरते अन कडीचं तोंड तिथं कोंडलेलं असते. पेचकस पाव इंच जाऊन अडला तर कडी चांगली, नुसती वरची साल गेली. अन दोन इंच सरळ घुसला तर त्या तोंडावर भरवसा ठेवू नका.

ज्या कडीचं तोंड सडलं तिच्यासाठी भिंतीपासून फूट-दीड फुटावर, जिथं लाकूड चांगलं आहे तिथं, खालून आडवी मयाल, म्हणजे सगळ्या कड्यांना खालून टेकू देणारं जाड लाकूड, अन तिच्याखाली दोन खांब. ज्या कड्या चांगल्या आहेत पण वाकल्या त्यांच्या बाजूला नवीन कडी लावायची, पूर्ण लांबीची, दोन्हीकडून भिंतीवर चार-पाच इंच टेकलेली, खाली सपाट दगड ठेवून, नाहीतर मातीची भिंत दबते. खिळे नको, १२ एमएमचे बोल्ट, वायसर टाकून, दर दीड-दोन फुटावर, एक वर एक खाली. अन सुताराला सांगा कडी उभीच बसव, म्हणजे रुंद बाजू वर-खाली. ३ बाय ५ इंचाची कडी उभी ठेवली तर आडवीपेक्षा पावणेतीन पट कमी वाकते, पैसे तेवढेच, पण बसवायला सोपी म्हणून लोक आडवी टाकून देतात, मी असे दोन माळे पाहिले.

खर्च कमी करायचा असला तर नवीन कड्यांऐवजी बरोबर मधातून एकच मयाल टाका. १२ फुटाचे दोन ६ फूट होतात अन हिशोबानं झोल सोळाव्या हिश्श्यावर येते. पण खांबाचा पाया नीट पाहा, आपली काळी माती पावसात फुगते अन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, सारवलेल्या जमिनीवर खांब टेकवला तर दोन पावसाळ्यात खांब खाली अन झोल परत जिथल्या तिथं. मुरूम लागेपर्यंत खोदा, मग दगड-सिमेंट.

झोल काढायचा म्हणून एका दिवसात जॅक लावून उचलू नका. सेंट्रिंगवाल्याकडून लोखंडी टेकू भाड्यानं आणा, वर फळी ठेवून रोज दोन-तीन मिलिमीटर फिरवा, भिंतीला तडा दिसला की थांबा. थोडा झोल राहिला तर राहू द्या, साठ-सत्तर वर्षांचं लाकूड आहे ते.

भुंग्याचं औषध नव्या कडीआधी लावा, पण त्या खोलीत धान्य ठेवत असाल तर स्वतः क्लोरपायरीफॉस घेऊन फवारायला बसू नका, जाणत्या माणसाला बोलवा. २०१७ ला आपल्या यवतमाळात फवारणीनं किती जण गेले ते काही विसरायसारखं नाही. जळकं ऑइल लावतात बरेच जण, ते आत मुरत नाही अन खाली चूल असली तर आग लवकर पकडते.

कापसाचं म्हणाल तर यंदा खालीच, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. घरातल्या मजल्याला धड लाकूड असताना चौरस मीटरला २०० किलोच धरतात, तुमच्या खोलीला एकूण २२ क्विंटल, तेही सारखं पसरून. पण आपण काय करतो, ५० किलोचे पाच पोते एकावर एक कोपऱ्यात रचतो, तिथं दुपटीच्या वर भार होते. हे काम तूर विकली की मार्च-एप्रिलात काढा, मृगाच्या आत संपवा, अन महिन्याभरानं बोल्ट एकदा परत आवळून घ्या, नवीन लाकूड सुकलं की ते ढिले होतातच.