नॉर्वेत संस्कृती आणि चर्च यांचं एकच मंत्रालय का होतं? संस्कृती म्हणजे चर्चच, असं सरकारला म्हणायचं होतं का?

नाही. २४ वर्षं ओस्लोत काढली आहेत, म्हणून ठाम सांगते.

चर्चचा (म्हणजे तिथल्या राष्ट्रीय ल्युथरन, प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चचा) विभाग तिथे कायम दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करून राहिला. १८१४ पासून शिक्षणाबरोबर. संस्कृती १९८२ मध्ये वेगळी निघाली. १९९० मध्ये वर्षभर चर्च आणि संस्कृती एकत्र, मग चर्च परत शिक्षणाकडे. शेल माग्ने बोन्देविक पंतप्रधान असताना (ते स्वतः दीक्षा घेतलेले पाद्री) २००२ मध्ये तुम्ही म्हणता ते मंत्रालय झालं आणि २००९ अखेर संपलं. पुढे चर्च प्रशासन खात्याकडे, २०१४ मध्ये पुन्हा संस्कृतीकडे, २०१९ पासून बालक व कुटुंब खात्याकडे. पाटी बदलायची, पाद्र्यांचा पगार चालू राहायचा.

खरा प्रश्न डोकी मोजण्याचा आहे. २००८ च्या दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा धाकटे दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे चर्चला मंत्री आहे, म्हणजे तुम्ही तिथे दुय्यमच." आमच्या छोट्या हिंदू मंडळाची सभासद यादी तेव्हा मीच ठेवत होते. तेव्हाच्या १९६९ च्या कायद्यानं, सरकार आपल्या चर्चवर माणशी जितकं खर्च करायचं साधारण तितकं इतर धर्मसंस्थांनाही माणशी द्यायचं. त्यासाठी घरोघर जाऊन अकरा आकडी ओळख क्रमांक मी गोळा केले होते.

त्या वर्षी यादीतली दोन नावं सरकारी कचेरीतून परत आली. आई मराठी, वडील नॉर्वेजियन आणि चर्चचे सभासद, म्हणून मुलं जन्मापासून चर्चकडे मोजलेली. बाप्तिस्मा झालेला नव्हता, आरतीला मात्र दोघं नेमानं यायची. कचेरीतली बाई फोनवर म्हणाली, "ती तशीही चर्चचीच." त्यांची आई माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. रक्कम फार नव्हती. आपली मुलं कुणाची हे न विचारताच ठरलं, हे तिला लागलं होतं, मलाही लागलं. अर्ज, आईवडिलांच्या सह्या, यात हिवाळा गेला, पण चर्चच्या नोंदीतून नावं निघाली.

म्हणून भावजींचं मला आजही पटत नाही. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर १९७३ च्या कायद्यानं सरकारनं नेमलेल्या समितीकडे आहे. तिथे ते स्वतःला दुय्यम म्हणवत नाहीत. नॉर्वेत निदान आमच्या देवालाही माणशी हिशेबानं पैसे मिळतात, आणि चूक कागदावर दुरुस्त करून घेता येते.

त्यांचं सगळंच चूक होतं असंही नाही. २०१२ पर्यंत राज्यघटनेनं निम्म्याहून जास्त मंत्री राज्यधर्माचेच लागत. राजा आजही ल्युथरनच असावा लागतो. १ जानेवारी २०१७ पासून चर्च कायद्यानं वेगळी संस्था आहे, पाद्री सरकारी नोकर नाहीत, पण सरकारी पैसा जातोच. आणि २०२१ पासून अनुदानाला किमान ५० सभासद लागतात, त्यात लहान मंडळांची ओढाताण होते.

तुम्ही तिकडे राहायला जाणार असाल आणि जोडीदार चर्चचा असेल, तर मुलांची नावं कुठल्या नोंदीत आहेत ते आधी विचारा. ती दोन मुलं आता सज्ञान आहेत. थोरलीनं स्वतःच्या सहीनं नाव आमच्या यादीत ठेवलंय. धाकट्यानं कुठेच ठेवलेलं नाही.