मंडळाच्या गणपतीत मुलांनी स्वतः बनवलेल्या लेव्हल्सचा खेळ ठेवायचा आहे. कोणता गेम घ्यावा आणि लेव्हल कशी बनवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरमधल्या तुमच्या कॉलनीच्या मराठी मंडळात यंदा 8 ते 14 वर्षांची मुलं मारिओच्या धर्तीच्या लेव्हल्स स्वतः बनवणार आणि गणपतीत बाकीची मुलं त्या खेळणार. हाताशी तीन जुने लॅपटॉप, तीसेक मुलं आणि दोन आठवडे आहेत. एका मुलाने हौसेने बनवलेली लेव्हल दुसऱ्या कोणालाच पार होत नाही, त्याचं कारणही तुम्ही विचारलं आहे.

आधी गेमचं सांगतो. माझं मत स्पष्ट आहे: सुपरटक्स घ्या. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. लेव्हल बनवायचा एडिटर गेममध्येच, पहिल्या मेनूत आहे. खेळ मारिओसारखाच, फक्त नायक टक्स नावाचा पेंग्विन. कोणाच्या घरी निन्टेंडो स्विच हे खेळाचं यंत्र असेल तर सुपर मारिओ मेकर 2 (2019) चा एडिटर यापेक्षा सरस आहे, यात शंका नाही. पण लेव्हल ऑनलाइन चढवायला आणि इतरांच्या उतरवायला पैसे भरून सदस्यत्व घ्यावं लागतं, आणि तीस मुलांत एक यंत्र पुरणार नाही. जॉमेट्री डॅश फोनवर चालतो, पण त्यात आकृती आपोआप पुढे धावते, खेळणाऱ्याच्या हातात फक्त टॅप. आठ वर्षांच्या मुलाला तो पटकन नकोसा होतो.

आता तुमची खरी अडचण. जो बनवतो त्याला पुढे काय आहे ते पाठ असतं. खड्डा कुठे, शत्रू कधी वळतो, कोणता ठोकळा निसटतो, हे त्याच्या बोटांना माहीत असतं. म्हणून तो सहज पार करतो आणि त्याला लेव्हल सोपी वाटते. मारिओ मेकर आणि जॉमेट्री डॅश या दोन्हींत नियम आहे की लेव्हल लोकांना देण्याआधी बनवणाऱ्याने ती स्वतः पार करून दाखवायची. या नियमाने लेव्हल पार होऊ शकते एवढंच सिद्ध होतं. ती नवख्याला समजेल का, हे त्यातून कळत नाही. सुपरटक्समध्ये तर हा नियमही नाही, तेव्हा तो तुम्हीच लावा: ज्याने लेव्हल बनवली त्याने ती सगळ्यांसमोर एकदा पार करायची, तरच ती यादीत.

समजेल अशी लेव्हल म्हणजे काय, याचा सर्वात चांगला नमुना 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्सच्या पहिल्याच लेव्हलमध्ये आहे. मुलांना तो तुकडा दाखवाच. लेव्हल संपत येते तिथे पायऱ्यांचे दोन जोड येतात. चढायचं, मधलं अंतर उडी मारून ओलांडायचं, पलीकडे उतरायचं. पहिल्या जोडात मधे साधी जमीन आहे. उडी चुकली तर मारिओ खाली उभा राहतो, परत चढून पुन्हा उडी मारता येते. दुसरा जोड जवळजवळ तसाच, पण आता मधे खड्डा आहे. उडी तीच, फक्त चुकण्याची किंमत बदलली. एक अक्षरही न लिहिता खेळणाऱ्याला शिकवलं आणि मग लगेच परीक्षा घेतली. तुमच्या मुलाच्या लेव्हलमध्ये पहिली उडीच खड्ड्यावरून असणार, हे मी न बघता सांगू शकतो, कारण बहुतेक नव्या लेव्हल्स तिथेच फसतात.

यावरून मुलांना द्यायचा नियम सोपा आहे. एका लेव्हलमध्ये एकच नवी गोष्ट, आणि ती चार वेळा आली पाहिजे. पहिल्यांदा जिथे मरणं शक्यच नाही अशा जागी. दुसऱ्यांदा थोड्या धोक्यासह. तिसऱ्यांदा काहीतरी उलटं करून, म्हणजे सरकती फळी असेल तर आता तिच्यावर शत्रू चालतोय. चौथ्यांदा शेवटची परीक्षा, आणि लगेच लेव्हल संपली. निन्टेंडोचे कोइची हायाशिदा यांनीही आपल्या मारिओ लेव्हल्सची रचना अशीच चार टप्प्यांत सांगितली आहे. मुलं एका लेव्हलमध्ये दहा गोष्टी घालू पाहतात. त्यांना थांबवू नका, दहा लेव्हल्स बनवायला सांगा.

कामाला लागण्याआधी प्रत्येकाला गणिताची चौकटीची वही द्या. एक चौकट म्हणजे एक ठोकळा. आधी गेममध्ये एक मोजपट्टी लेव्हल बनवा: सपाट जमीन, त्यावर 1, 2, 3, 4, 5, 6 ठोकळे उंचीच्या भिंती, आणि पुढे 3 पासून 12 ठोकळ्यांपर्यंत रुंदीचे खड्डे. जागेवरून आणि धावत, दोन्ही प्रकारे उडी मारून बघा आणि कुठपर्यंत जमतं ते फळ्यावर लिहा. जुन्या मारिओत जागेवरून साधारण 4 ठोकळे उंच आणि धावत 5 अशी उडी जाते. सुपरटक्सचे आकडे तुमच्या आवृत्तीवर स्वतः मोजा, उसने घेऊ नका. मग नियम असा: जास्तीत जास्त जमते ती उडी लेव्हलमध्ये वापरायची नाही. उंचीत एक ठोकळा कमी, रुंदीत दोन कमी. तुम्हाला दहा ठोकळ्यांचा खड्डा जमत असेल तर मुलांसाठी आठचा काढा. शेवटच्या परीक्षेला हवं तर नऊ.

पडद्यावर एका वेळी किती चौकटी दिसतात तेही मोजा, कारण दुसरी नेहमीची चूक म्हणजे आंधळी उडी. खाली काय आहे ते दिसत नाही आणि तिथेच उडी मारावी लागते. पडदा खाली सरकेपर्यंत पेंग्विन काट्यांवर पोचलेला असतो. उपाय नाण्यांत आहे. जिथे उडी मारायची तिथे नाणी कमानीसारखी मांडा, म्हणजे उडीचा मार्गच हवेत काढल्यासारखा होतो. खाली उतरायचं असेल तर नाण्यांची उभी ओळ. मात्र मृत्यूकडे नेणारी नाणी एकदाही मांडू नका. एकदा फसलेलं मूल त्यानंतर कोणत्याच नाण्यावर विश्वास ठेवत नाही, आणि तुमची सगळ्यात उपयोगी खूण वाया जाते. न दिसणारा ठोकळा डोक्यावर ठेवून खड्ड्यात पाडणं हेही याच कारणाने बंद.

तिसरी चूक अडकण्याची. खेळणारा अशा खळग्यात पडतो की बाहेर येता येत नाही आणि मरतही नाही. चौकटीच्या वहीवरच प्रत्येक खळग्यावर बोट ठेवून विचारा: इथे पडलो तर पुढे काय? एक तर पायऱ्या करा, नाही तर तळ काढून खरा खड्डा करा. असंच शक्ती देणाऱ्या फुलाचं. पुढची वाट फूल असल्याशिवाय जात नसेल आणि वाटेत ते गमावता येत असेल, तर त्या जागेच्या अलीकडे पुन्हा फूल ठेवावंच लागतं.

सुपरटक्सच्या एडिटरमध्ये मुलं ज्या ठिकाणी रडकुंडीला येतात ती ठिकाणं मोजकी आहेत. जमीन काढली, दिसतेय, पण पेंग्विन तिच्यातून आरपार खाली जातो: जमीन चुकीच्या थरावर काढली आहे. मागची सजावट, पुढची सजावट आणि ज्यावर खरंच उभं राहता येतं तो थर वेगवेगळे असतात. काढायला घेण्याआधी कोणता थर निवडलाय ते बघायची सवय लावा. लेव्हल सुरूच होत नाही: सुरुवातीची जागा दाखवणारा स्पॉन पॉइंट गायब आहे किंवा त्याचं नाव बदललं आहे. मुख्य विभाग (लेव्हलचा पहिला भाग, एडिटरमध्ये 'सेक्टर') आणि त्यातला स्पॉन पॉइंट दोघांचंही नाव इंग्रजीत 'main' (मेन) असावं लागतं, मुलं तिथे स्वतःचं नाव टाकतात. लेव्हल संपतच नाही: शेवटी घर काढलं पण ते नुसतं चित्र आहे. त्याच्यापाशी शेवटचा सिक्वेन्स ट्रिगर, म्हणजे पेंग्विन शिवला की लेव्हल संपवणारी न दिसणारी चौकट, ठेवावा लागतो, आणि तो उंच ठेवा, नाही तर एखादं मूल त्याच्यावरून उडी मारून पुढे निघून जाईल. दरवाजातून दुसऱ्या विभागात जायचं असेल तर दरवाजात विभागाचं आणि तिथल्या स्पॉन पॉइंटचं नाव अक्षरशः तेच लिहा.

चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा, अवघड जागेच्या नंतर नको, किंचित आधी हवा, म्हणजे पुन्हा मेल्यावर लगेच त्या जागेशी झुंजता येतं. आणि चेकपॉइंटपासून पुढची लेव्हल वेगळी तपासा, कारण तिथून सुरू करताना हातात फूल नसतं. मारिओ मेकर यासाठी प्रत्येक चेकपॉइंटपासूनही पार करून घेतो, तो नियम इथेही उचला.

तपासणी हा या सगळ्यातला सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि नेमका तोच घाईत राहतो. ज्याने लेव्हल पाहिलेली नाही असं मूल बसवायचं. बनवणारा मागे उभा राहील, हातात त्याच्या वहीचं ते पान, आणि एक शब्दही बोलायचा नाही. "अरे तिथे उडी मार" हे ओठांवर येईल, तरी गप्प. जिथे मरण आलं तिथे पानावर फुली. तीन मुलं खेळली की फुल्या बघा. सगळीकडे विखुरल्या असतील तर लेव्हल फक्त अवघड आहे. एकाच चौकटीत गर्दी असेल तर तिथे काहीतरी दिसत नाहीये किंवा कळत नाहीये, आणि ते त्या चौकटीत नाही, तिच्या दहा चौकटी आधी दुरुस्त करायचं असतं. शिकवायचं राहिलं ते आधीच्या भागात. मारिओ मेकरच्या एडिटरमध्ये चाचणी खेळून परत आलं की मारिओ कुठून कुठे गेला त्याची सावलीसारखी रेघ दिसते. सुपरटक्ससाठी वहीच्या पानावर पेन्सिलने तीच रेघ काढा.

विषय इथलाच द्या, मुलं जास्त विचार करतात. इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी. ही उभ्या लेव्हलची तयार रचनाच आहे: दगडी मजल्यांवर रुंद, न हलणारे ठोकळे, तिथे चढायला शिकायचं, लाकडी मजल्यांवर अरुंद फळ्या, मग सरकत्या. फक्त वर चढणाऱ्या लेव्हलमध्ये एक काळजी घ्या: सातव्या मजल्यावरून पडलेलं मूल पहिल्यावर आलं तर ते उठून जाईल. दर दोन मजल्यांनी पूर्ण पडदाभर रुंद गच्ची करा, म्हणजे पडणं दोन मजल्यांपुरतंच राहील. सराफ्याचंही (दिवसा सोन्याचा आणि रात्री खाण्याचा बाजार) करता येईल: दिवसा सोन्याची दुकानं म्हणून नाण्यांनी भरलेला एक विभाग, आणि दरवाजातून गेलं की तीच गल्ली रात्रीची, तेच ठोकळे, पण दुकानांच्या पायरीवर शत्रू.

कार्यक्रमाच्या दिवसाचं गणित. तीन लॅपटॉप, तीस मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं: एक फेरी 30 मिनिटांत होते. म्हणून लेव्हल जाणत्याला 60 ते 90 सेकंदांत संपावी, म्हणजे नवख्याला तीन मिनिटांत दोन-तीनदा प्रयत्न करता येतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी दोन लेव्हल्स वेगळ्या ठेवा, ज्यांत खड्डा नाहीच. मोठ्यांच्या रांगेत त्यांना बसवू नका.

लेव्हल्स एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर न्यायला पेन ड्राइव्ह पुरतो. विंडोजवर अ‍ॅपडेटा, रोमिंग, सुपरटक्स, सुपरटक्स2, लेव्हल्स अशा फोल्डरांच्या वाटेने गेलं की तुम्ही बनवलेल्या लेव्हल्सच्या संचाचा फोल्डर सापडतो. सुटी फाइल न उचलता अख्खा फोल्डर उचला, म्हणजे संचाची नावं आणि क्रम सोबत येतात. अ‍ॅपडेटा लपलेलं असतं, 'लपलेल्या फाइल दाखवा' चालू करावं लागतं. तिन्हींवर गेमची आवृत्ती एकच हवी. नव्या आवृत्तीत बनवलेली लेव्हल जुन्यात उघडेलच असं नाही. प्रत रोज संध्याकाळी काढा. लेव्हल फक्त दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवणं किती जोखमीचं, ते निन्टेंडोच्या वी यू या जुन्या यंत्रावरच्या पहिल्या मारिओ मेकरने दाखवलं: 2021 च्या मार्चअखेर नव्या लेव्हल्स चढवणं बंद झालं आणि 8 एप्रिल 2024 ला त्या यंत्राची ऑनलाइन सेवाच थांबली.

आणि कीबोर्ड आजच तपासा. जुन्या लॅपटॉपच्या कित्येक कीबोर्डांवर तीन बटणं एकदम दाबली की तिसरं नोंदलंच जात नाही. उजवा बाण, स्पेस आणि डावं कंट्रोल एकत्र धरून पेंग्विन धावता-धावता उडी मारतो का बघा. मारत नसेल तर गेमच्या सेटिंगमध्ये उडी दुसऱ्या बटणावर न्या आणि पुन्हा तपासा. कुठलीच जोडी चालली नाही तर यूएसबीचा बाहेरचा कीबोर्ड लावा. हे मोजपट्टी लेव्हलच्या आधी करा, नाही तर उडीचे सगळे आकडे चुकीचे लिहिले जातील.